सुई भारी की लेझर?

रेकॉर्डचा आवाज 'वॉर्म' आणि सीडीचा 'कोरडा', हे वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलंय. पण ते खरं किती आणि ऐकीव किती? नव्या घरात टर्नटेबल घ्यावं की बाबांच्या सीडीच धुऊनपुसून लावाव्यात? नेऱ्याच्या शांततेत बसून केलेला थोडा हिशोब आणि बरंचसं ऐकणं...

हल्ली कुठल्याही मित्राच्या नव्या घरी जा. मॉड्युलर किचन बघून झालं, बाल्कनीतून दिसणारा (किंवा दिसेल असं बिल्डरने सांगितलेला) डोंगर बघून झाला, की हॉलच्या कोपऱ्यात एक वस्तू हमखास दाखवली जाते. रेकॉर्ड प्लेअर! यजमान मोठ्या नजाकतीने तबकडी कव्हरमधून काढतो, फुंकर मारतो, सुई टेकवतो आणि डोळे मिटून म्हणतो, "सीडी, एमपीथ्री सगळं ठीक आहे रे, पण व्हिनाइलची बात काही और!" आपण मान डोलावतो. 'मला तर काही फरक कळला नाही बॉस' असं म्हणायची हिंमत कुणाची होणार? आपला कान कच्चा निघायचा!

गंमत म्हणजे हे वेड फक्त आपल्या मित्रांपुरतं नाही. अमेरिकेत २०२२ साली एलपी रेकॉर्डी नगाने सीडींपेक्षा जास्त खपल्या, साधारण ४.१ कोटी विरुद्ध ३.३ कोटी. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडे २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा रेकॉर्डी छापायला सुरुवात झाली. नवी कोरी एलपी दोन-तीन हजारांच्या घरात जाते. बरं टर्नटेबल, अ‍ॅम्प आणि स्पीकर असा सगळा संसार मांडायचा तर लाखाचा आकडा दूर नाही. म्हणजे प्रश्न नुसता आवडीचा राहिला नाही, तो होम लोनच्या हप्त्याच्या शेजारी जाऊन बसलाय.

शोभेसाठी घ्यायचं असेल तर खुशाल घ्या. मोठं कव्हर हातात धरण्यात मजा आहेच. पण 'आवाजासाठी' म्हणून घेत असाल तर दहा मिनिटं थांबा आणि हे वाचा.

खाचेचा फंडा, खड्ड्याचा फंडा

आधी मशिनरी समजून घेऊ. रेकॉर्डवर एकच लांबच लांब खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. गाण्याच्या लहरी जशा हलल्या, तशाच त्या खाचेच्या भिंती नागमोडी कोरलेल्या असतात. सुई त्यातून घासत जाते, थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले, म्हणजे एलपी आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची सोय झाली.

पण खाचेच्या काही अडचणी आहेत. खालचे, जाडे सूर कोरायचे तर सुईला मोठी वळणं घ्यावी लागतात आणि जागा संपते. म्हणून कोरताना ते सूर मुद्दाम बारीक करतात आणि वरचे, टोकदार सूर मुद्दाम मोठे करतात. वाजवताना अ‍ॅम्पमध्ये बरोबर याच्या उलट करून हिशोब जुळवतात. १९५४ पासून या उलटसुलट करण्याचं एकच प्रमाण ठरलं. थोडक्यात काय, रेकॉर्डमध्ये 'जसं गायलं तसं' कोरलेलं नसतंच. तिथेही आकडेमोड आहेच!

सीडीचा मामला वेगळा. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून तिचं प्रमाण ठरवलं आणि १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात पहिला प्लेअर दुकानात आला. इथे आवाजाची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक माप १६ बिटच्या आकड्यात लिहिलं जातं. डावा आणि उजवा कान धरून सेकंदाला १४,११,२०० बिट! ते सूक्ष्म खड्ड्यांच्या रूपात चकतीवर असतात आणि लेझर ते न शिवता वाचतो. चरा पडला तरी अडीच मिलिमीटरपर्यंतची हरवलेली माहिती आजूबाजूच्या आकड्यांवरून तंतोतंत भरून काढता येते. रेकॉर्डवर चरा पडला की तो गाण्याचा कायमचा साथीदार होतो. टक... टक... टक...

पायऱ्यांची गोष्ट

सीडीविरुद्ध सगळ्यात जास्त फिरणारा मुद्दा असा, 'खरी लहर गुळगुळीत असते आणि सीडी तिच्या पायऱ्या पायऱ्या करते. मधलं जे गळतं, तेच तर संगीत!' ऐकायला एकदम पटतं. चित्र काढून दाखवलं की आणखीच पटतं. पण हे खरं नाही.

सीडीतून बाहेर पडणारा आवाज पायऱ्यांचा नसतोच. ४४,१०० च्या निम्म्यापेक्षा खालचे सगळे सूर असतील, तर मोजलेल्या बिंदूंमधून जाणारी गुळगुळीत लहर एक आणि एकच निघते. दुसरी शक्यताच उरत नाही. हे गणित सीडीच्या कितीतरी आधी सिद्ध झालेलं होतं. म्हणजे २२,०५० हर्ट्झच्या खाली बिंदूंच्या 'मध्ये' काही गळत नाही. आणि त्याच्या वर? तिथलं आपल्याला ऐकूच येत नाही. लहान मुलाचा कान २०,००० पर्यंत जातो. आपण तिशी ओलांडली, त्यातून दहा वर्षं लोकलचा खडखडाट आणि कानात इअरफोन, म्हणजे त्याच्याही बरेच खाली उतरलोय.

उरला प्रश्न खालच्या पट्टीचा, म्हणजे सगळ्यात बारीक आवाज किती बारीक ऐकू यावा याचा. सीडीवर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. चांगल्या एलपीवर ते साठ-सत्तरच्या आसपास. त्याखाली काय असतं? खरखर. कागदावर तरी निकाल स्पष्ट आहे. पण गाणं कागदावर ऐकायचं नसतं...

तानपुरा सगळं सांगतो

या विषयावरचं बहुतेक लिखाण रॉक आणि जॅझच्या रेकॉर्डी समोर ठेवून होतं. आपलं गाणं वेगळं आहे आणि ते या दोन्ही तबकड्यांची फार कडक परीक्षा घेतं.

पहिला परीक्षक तानपुरा. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात सूर किंचित हलला तर लपून जातं. पण तानपुऱ्याचा षड्ज अखंड चालू असतो. रेकॉर्डचं मधलं भोक केसभर जरी सरकलेलं असलं, तरी सुई एका फेऱ्यात एकदा जवळ येते आणि एकदा लांब जाते. ३३⅓ च्या वेगाने एक फेरा १.८ सेकंदांचा. म्हणजे दर १.८ सेकंदांनी तुमचा षड्ज हळूच वर जाऊन खाली येतो. तबकडी थोडी वाकडी झाली असेल तर बघायलाच नको. सीडीत ही भानगड नाही. तिथे आकडे क्वार्ट्झच्या घड्याळावर मोजून बाहेर येतात.

दुसरा परीक्षक आपली बढत. ख्याल संथ सुरू होतो आणि शेवटी द्रुत लयीत, तानांच्या सरींमध्ये कळसाला पोचतो. आता रेकॉर्ड बघा. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते. आत लेबलजवळ येईपर्यंत ती जेमतेम २१ सेंटिमीटरवर येते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोरायचा! म्हणून प्रत्येक बाजूचा शेवट सगळ्यात जास्त फाटतो. आलाप जिथे आरामात पसरतो ती कडा आलिशान आणि तानांची बरसात मात्र कोंदट जागेत. आपल्या संगीतासाठी याहून उलटी रचना शोधून सापडायची नाही.

तिसरा परीक्षक शांतता. दोन आलापांमधला थांबा, श्वास, विरत जाणारी तार. ही शांतता ऐकायची तर खोलीही शांत हवी. आणि इथेच नेरे येतं.

नेऱ्याची रात्र

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे आहे. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारं शांतिवन इथलंच, त्यामुळे नाव बऱ्याच जणांना माहीत असतं. जवळून गाढी नदी वाहते. गेल्या काही वर्षांत इकडे इमारती उठल्या आणि मुंबईत घर न परवडलेले आपल्यासारखे बरेच जण इथे आले. दिवसा डंपर आणि ड्रिलचा आवाज असतो. पण रात्री अकरानंतर? काही नाही. पावसाळ्यात बेडूक, एरवी एखादं कुत्रं. बस्स!

आमच्या ऑफिसातला एक मित्र गिरगावची चाळीतली खोली सोडून आई-बाबांसकट इथे राहायला आला. रोज हार्बरने सव्वा-दीड तासाचा प्रवास, पण दोन बेडरूम आणि वर डोंगराचा वारा. काका बँकेतून रिटायर झालेले, जुने कानसेन. त्यांनी सामानाबरोबर एक पत्र्याची ट्रंक आणली. आत दीडेकशे रेकॉर्डी. काकू म्हणाल्या होत्या, "अहो, ती ट्रंक तरी भंगारवाल्याला द्या." काकांनी पलंग सोडला, पण ट्रंक सोडली नाही.

मित्राला नवं टर्नटेबल घ्यायचं होतं. हप्त्यावर. काकांच्या जुन्या प्लेअरची तर नवी सुई टाकून झालेली होती आणि तो ठीक चालत होता. "पण बाबा, चांगल्या डेकवर ऐकाल तर वेडे व्हाल!" आम्ही म्हटलं, आधी आहे त्यावर फरक कळतो का ते तर बघू.

एका शनिवारी रात्री आम्ही चौघं बसलो. उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी, १९६० च्या सुमाराची. तीच सीडीवरही आहे. आधी दोन्हीचा आवाज अगदी सारखा करून घेतला. ही पायरी कधी गाळू नका. थोडासा मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो आणि दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं!

पहिली फेरी. काकांनी एलपीला मत दिलं. "हिच्यात जीव आहे रे." पण फेरीला अर्थ नव्हता. सुई टेकल्याबरोबर खरखर आली आणि कोण वाजतंय ते सगळ्यांना कळलं. चेहरा दिसत असताना आंधळी कोशिंबीर कशी खेळणार?

मग दुसरी फेरी. रेकॉर्डचा सिग्नल एकदा सरळ अ‍ॅम्पमध्ये आणि एकदा वाटेत एका डबीतून फिरवून. ही डबी आवाज सीडीच्याच मापात मोजते, ४४,१०० वेळा आणि १६ बिट, आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते. म्हणजे दुसऱ्या वाटेने येणारी रेकॉर्ड ही सीडी झालेली रेकॉर्ड! खरखर दोन्हीकडे तीच. काकांची पाठ आमच्याकडे. बारा वेळा अदलाबदल केली. काकांचा अंदाज सात वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी पाच-सात वेळा बरोबर आलंच असतं.

हे एका घरातलं झालं. अमेरिकेत बॉस्टनला मेयर आणि मोरान या दोघांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला आणि २००७ साली प्रसिद्ध केला. सीडीहून वरच्या दर्जाचा आवाज एकदा सरळ, एकदा सीडीच्या मापातून. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे निम्मी!

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे जीव सीडीत मावतो. मग सीडीवाल्यांनी तो भरला का नाही?"

बॉस, अख्ख्या विषयाची किल्ली या एका प्रश्नात आहे.

भांडं नाही, स्वयंपाकी बघा

सीडी हे भांडं मोठं आहे. रेकॉर्डमध्ये जे जे मावतं ते सगळं तिच्यात मावतं, अगदी खरखर आणि 'वॉर्मनेस' धरून. उलट होत नाही. पण भांडं मोठं असलं म्हणून आमटी चांगली होतेच असं नाही. ती स्वयंपाक्यावर. इथे स्वयंपाकी म्हणजे मास्टरिंग करणारा माणूस, मूळ टेपवरून शेवटची प्रत तयार करणारा.

सुरुवातीच्या काळात बऱ्याच सीडी एलपीसाठी बनवलेल्या टेपवरूनच काढल्या गेल्या. एलपीच्या अडचणी ओळखून केलेले फेरफार सीडीत जसेच्या तसे उतरले आणि आवाज कर्कश झाला. मग आला नव्वदच्या दशकातला 'आमचा आवाज सगळ्यात मोठा' हा खेळ. गाण्यातले बारीक आवाज फुगवायचे, मोठे दाबायचे, सगळं एका पातळीवर आणून ठेवायचं. मेटालिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर तर चाहतेच चिडले. कारण त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी वाजत होती!

आपल्याकडे वेगळीच शोकांतिका. जुन्या गाण्यांवर वरून ढोलकी आणि कीबोर्ड चढवून 'झंकार' आवृत्त्या निघाल्या, त्या आठवतात? त्याहून छुपं नुकसान म्हणजे खरखर काढायच्या नादात केलेली सफाई. तानपुऱ्याच्या जवारीतले वरचे नाजूक स्वर आणि टेपची फुसफुस हे दोन्ही साधारण एकाच पट्टीत राहतात. सफाई जरा जास्त झाली की फुसफुशीबरोबर जवारीही जाते. उरतो तो कंबलात गुंडाळलेला तानपुरा आणि सर्दी झालेला गवई. अशी सीडी ऐकून कुणी म्हणालं की 'रेकॉर्डच भारी', तर तो शंभर टक्के बरोबर आहे. फक्त दोष लेझरचा नाही, हात फिरवणाऱ्याचा आहे. काकांच्या पहिल्या फेरीतल्या मताचं रहस्यही यातच असणार.

मग 'वॉर्मनेस' म्हणजे काय? थोडे मऊ पडलेले वरचे सूर, मध्यभागी एकत्र आणलेले खालचे सूर आणि सुईने स्वतःच्या पदरचे घातलेले किंचित जास्तीचे स्वर. म्हणजे ती रेकॉर्डची भर आहे, गवयाची नाही. ती आवडायला काहीच हरकत नाही. मातीच्या मडक्यातल्या पाण्याला एक वास येतो, तो आपल्याला आवडतोच ना? पण तो वास नदीचा आहे असं म्हणू नये.

याचा जगासमोर पुरावाही आला. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या एलपी 'शुद्ध अ‍ॅनालॉग' समजून शौकीन वर्षानुवर्षं डोक्यावर घेत होते. २०२२ च्या जुलैमध्ये उघड झालं, की त्यांच्यातल्या पुष्कळशा तयार होताना मधला टप्पा डिजिटल होता. मोठा गहजब झाला, प्रकरण कोर्टात गेलं. पण तोवर एवढ्या सगळ्या तयार कानांपैकी कुणी नुसतं ऐकून ओळखलं का? नाही!

आणि आज दुकानात मिळणाऱ्या नव्या एलपींपैकी बहुतेक डिजिटल फाइलवरूनच कोरलेल्या असतात. म्हणजे तुम्ही अडीच हजार रुपये देऊन जे घेता, ते आकड्यांचंच गाणं. फक्त खाचेतून आलेलं.

ज्याची सीडीच नाही

एवढं वाचून कुणी ट्रंक उचलून भंगारात द्यायला निघालं असेल, तर थांबा! खरी गोष्ट पुढेच आहे.

त्या रात्री काकांनी ट्रंकेच्या तळातून लाखेच्या चार-पाच तबकड्या काढल्या. त्यातली एक नाट्यपदांची. गायिकेचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं. कॅसेट नाही, सीडी नाही, इंटरनेटवर शोधलं तर तिथेही नाही. काका म्हणाले, "माझ्या आईची. ती हे पद चुलीपाशी म्हणायची." आता या तबकडीबद्दल 'रेकॉर्ड की सीडी' हा वाद काय कामाचा? हिला प्रतिस्पर्धीच नाही. ही फुटली की ते पद संपलं.

बालगंधर्व असोत, अब्दुल करीम खाँ असोत, त्यांचं गाणं आज सीडीवर ऐकायला मिळतं ते बहुतेक वेळा कुणीतरी जपलेल्या लाखेच्या तबकडीवरूनच उतरवलेलं असतं. म्हणजे सीडी हा फोटो आणि रेकॉर्ड हा माणूस. फोटो कितीही सुंदर काढता येवो, माणूस तर हवा! मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था सुरू झाली. टीआयएफआरमध्ये काम केलेले डॉ. सुरेश चांदवणकर तिच्यामागचं एक मुख्य नाव. चोरबाजारात, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडलेल्या अशा तबकड्या शोधणारे, त्यांच्या याद्या करणारे, त्यावर लिहिणारे लोक तिथे एकत्र आले. त्यांच्यासारख्यांनी जपलं नसतं, तर आपल्या लेझरला वाचायला काही उरलंच नसतं.

आणि टिकण्याचंच म्हणाल तर एक गंमत ऐका. १९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. परग्रहावर कुणी भेटलंच तर ऐकवायला म्हणून त्यांच्यावर पृथ्वीचे आवाज पाठवले. कशावर? सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या रेकॉर्डवर! त्यात गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर आहेत, 'जात कहाँ हो' या भैरवीसह. सोबत सुईसुद्धा दिली आणि कशी वाजवायची त्याची चित्रं कव्हरवर कोरली. सीडी तेव्हा बाजारात यायचीच होती, हे खरं. पण खाच आणि सुई हा मामला कुणालाही समजावता येतो. खड्ड्यांमधले आकडे वाचायचे तर आधी त्यांची भाषा शिकवावी लागली असती. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ ला गेल्या, व्हॉयेजर-१ उडाल्यानंतर अकरा दिवसांनी. त्यांचा आवाज आता सूर्यमालेच्या पार पोचलाय.

मग करायचं काय?

हिशोब असा. आवाजाचा खरेपणा हवा असेल तर सीडी सरस, आणि खोली जितकी शांत तितकी जास्त सरस. भर रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये बाहेरचाच आवाज पंचेचाळीस-पन्नास डेसिबलचा असतो. शेजाऱ्यांना झेपेल असं जास्तीत जास्त ८५-९० पर्यंत वाजवलंत, तर मध्ये उरतात जेमतेम चाळीस. एवढ्यात एलपीची खरखरही बुडून जाते आणि सीडीचं श्रेष्ठत्वही! नेऱ्यासारख्या ठिकाणी रात्री मामला तीसच्या आसपास येतो. तिथे मात्र तार विरताना शेवटपर्यंत ऐकू येते आणि तिच्यामागे कुणी फुसफुसत असेल तर तेही. ज्या शांततेत लोक रेकॉर्डचा रोमान्स करायला जातात, तीच शांतता रेकॉर्डचं पितळ उघडं पाडते.

पण खरेदी करताना 'एलपी की सीडी' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, 'कुणी आणि कशावरून बनवली?'

खरेदीला निघण्यापूर्वी

• एकच अल्बम दोन-तीन आवृत्त्यांत मिळत असेल तर सीडीची जुनी, झंकार न चढवलेली आवृत्ती शोधा. जुन्या सीडी सेकंडहॅण्ड अगदी स्वस्तात मिळतात. लोक टाकून देताहेत, तुम्ही उचला.

• बजेट कमी असेल तर पैसे स्पीकरवर घाला. रेकॉर्ड-सीडीतल्या फरकापेक्षा दोन स्पीकरमधला फरक कितीतरी मोठा असतो.

• सूटकेससारखे दिसणारे स्वस्त टर्नटेबल कितीही क्यूट दिसोत, त्यातल्या बऱ्याच मॉडेल्सची सुई पाच-सहा ग्रॅमचा भार टाकते. चांगल्या सुईला दीड-दोन ग्रॅम पुरतात. आजोबांची एलपी अशा नांगराखाली घालू नका.

• ७८ च्या तबकड्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी नुसती भटकते.

• लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट कधीही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते! डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडकं पुरे.

• रेकॉर्डी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पनवेलच्या पावसात बुरशी कव्हरपासून सुरू होते. आतला कागद बदला, कपाटात सिलिका जेल ठेवा, आणि पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीपासून लांब.

• घरात अशी एकही तबकडी असेल जिची दुसरी प्रत मिळत नाही, तर नवीन प्लेअर घ्यायच्या आधी तीच सीडीच्या मापात उतरवून घ्या. खरखर काढू नका, जशी आहे तशी. सफाई पुढे केव्हाही करता येईल. आणि उतरवून झालं म्हणून मूळ तबकडी फेकू नका.

मित्राने टर्नटेबलचा हप्ता रद्द केला. त्याऐवजी ७८ ची सुई आणि ती आवाज मोजणारी डबी घेतली, दोन्ही मिळून मोबाइलच्या निम्म्या किमतीत. ट्रंकेतल्या रेकॉर्डी आता रविवारी एक-एक करून उतरवल्या जातात. काका ऐकतात अजूनही एलपीच. त्यांना तो मडक्याचा वास आवडतो, आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

तुमच्याही आजोळी, माळ्यावर, पलंगाखाली अशी एखादी ट्रंक असेल. या दिवाळीत गावी गेलात की घराच्या सफाईआधी ती उघडून बघा. सफाईनंतर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.